ई-सात

यंत्र खोटं बोलत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ओव्हन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकबरोबर हिंडून पाहावं. पडद्यावर लाल अक्षरांत ई-तीन येतं. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की तापमानाचा सेन्सर बिघडला. आपण नवा सेन्सर बसवतो, हात झटकतो, आणि जिना उतरतो न उतरतो तोच गिऱ्हाइकाचा फोन येतो की पुन्हा ई-तीन. मग परत वर जाऊन मागचा पत्रा उघडायचा, तर आत उंदराने वायर कुरतडलेली. सेन्सर बिचारा धडधाकट. यंत्राला जेवढं दिसतं तेवढं ते सांगतं, आणि त्याला फार थोडं दिसतं. आपल्या मेकॅनिकने हे शिव्या खाऊन शिकून घेतलं होतं. पहिल्या कोडावर तो विश्वास ठेवत नसे. कंपनीत त्याचं त्याबद्दल नाव होतं.

पण घरच्या कामात आपण सगळेच चालढकल करतो. त्याच्या ताईच्या ओव्हनवर ई-सात आलं, तेव्हा त्याने फोनवरच निकाल लावला. ई-सात म्हणजे दार नीट लागलेलं नाही. "मेन स्विच बंद कर, चहा पी, मग चालू कर," त्याने सांगितलं. कोड गेला. महिन्याभरात परत आला. तेव्हा तो स्वतः लॅपटॉप घेऊन गेला आणि ओव्हनमध्ये नवं सॉफ्टवेअर भरून आला, कारण जुनं सॉफ्टवेअर उगाचच ई-सात दाखवतं असं कंपनीनेच कळवलं होतं. सॉफ्टवेअर हा मेकॅनिक लोकांचा मोठा आधार आहे. कशाचंही खापर त्याच्यावर फोडता येतं आणि ते उलट बोलत नाही. त्या दिवशी त्याने दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पाहिलं ते ताईच्या उजव्या हाताकडे. बोटांची पेरं सुजून निळी पडली होती. "काय झालं?" त्याने विचारलं. "दारात सापडला," ती म्हणाली. त्याने मान डोलावली, केकचा तुकडा खाल्ला, आणि निघून आला. नंतर ती पेरं त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात. गाडी चालवताना, दुसऱ्यांच्या घरी पाठीवर झोपून स्क्रू काढताना त्याला ती दिसायची, आणि आपण तेव्हाच का विचारलं नाही म्हणून तो स्वतःवर चरफडायचा.

आज सकाळी पुन्हा फोन आला. "बाळ्या, तुझं ते ई-सात परत आलंय रे. ओव्हन तापला की आपोआप बंद पडतो आणि आतला केक बसतो. संध्याकाळची ऑर्डर आहे माझी. येतोस ना?" मग ती म्हणाली, "थांब एक मिनिट." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, पण बंद झाला नव्हता. काहीतरी जड, पत्र्याचं, दाणकन आपटलं. पाठोपाठ घशातल्या घशात दाबलेला एक हुंकार ऐकू आला, बाईचा की पुरुषाचा ते कळू नये इतका दबलेला. पुन्हा ताई आली तेव्हा तिला धाप लागली होती. "येतोस ना?" तिने परत विचारलं.

"आलोच," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याने ठरवून टाकलं. आज ताईला घेऊनच परत यायचं. नंतर बोलू, समजावून पाहू, दाजींशी एकदा शांतपणे बसू, असलं काही नाही. आतली खोली त्याने आधीच रिकामी करून ठेवली होती. स्वतःचा पलंग बाहेर ओढला होता आणि ताईसाठी नवी उशी आणली होती, तिला मऊ लागते तशी.

त्याचं हे ठरवणं समजायला त्यांचं लहानपण ठाऊक असावं लागतं. बापाचा हात सुटलेला होता. आई मुकाट मार खायची, आणि आई पुरेनाशी झाली की बाप पोरांकडे वळायचा. तेव्हा ताई बाळ्याला पलंगाखाली ढकलायची आणि स्वतः पलंगापुढे उभी राहायची. खालून त्याला तिची पावलं तेवढी दिसायची. पट्टा बसला की ती पावलं थोडी मागे सरकायची आणि परत जागेवर यायची. तो गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर हात बांधून पडून राहायचा. पुढे ताई उंच झाली, आणि एकदा बापाने पट्ट्याला हात घातला तेव्हा तिने टेबलावरची तापलेली इस्त्री उचलली आणि त्याच्या हातावर दाबून धरली. बाप किंचाळत होता आणि ती सोडत नव्हती. त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला मारलं नाही. बाळ्याला मिळालेली सगळी शांत झोप ही ताईने त्या दिवशी मिळवून दिलेली होती, आणि हे तो कधी विसरला नाही.

दार दाजींनी उघडलं. दाजी घरसामान हलवणाऱ्या कंपनीत होते. पाठीवर पट्टा आवळून भरलेलं कपाट एकटे वर चढवणारा गडी. चौकटीत उभे राहिले की पलीकडचं घर दिसायचं नाही. भर उन्हाळ्यात त्यांनी लांब बाह्यांचा शर्ट घातला होता आणि मनगटाची बटणंही लावली होती.

"या, इंजिनिअर," ते हळू आवाजात म्हणाले आणि त्याला जायला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस अंग चोरून उभा राहिलेला पाहून मेकॅनिकच्या मनात आलं की याला याचं मन खातंय.

"आज कामावर नाही गेलात?"

"हाताला जरा लागलंय."

मेकॅनिकने दातओठ खाल्ले. बायकोला मारता मारता स्वतःच्या हातालाही लागतं, हे त्याने बापाच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

स्वयंपाकघरात ताई लोणी फेसत होती. "आलास? मला वाटलं वाटेत कुणाच्या वॉशिंग मशीनशी लग्न लावून बसलास." हसली, आणि त्याने पिशवी खाली ठेवायच्या आत बसलेल्या केकचा एक तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "बारीक झालायस. तिकडे जेवतोस की नुसते नटबोल्ट खातोस?" मग मागे वळून न पाहता म्हणाली, "अहो, त्याला स्टूल." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्टूल त्याच्या पायाशी आलेलं होतं. दाजी परत स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

ताई अशी हसली की त्याला अजून बरं वाटायचं. पण मग त्याने खोलीकडे नीट पाहिलं. फ्रिजच्या दाराला पोचे होते, एक खांद्याच्या उंचीवर आणि एक खाली. ओट्याच्या वर एका जागी गिलावा उडून आतली वीट दिसत होती. भिंतीवरच्या घड्याळाला काच नव्हती. खुर्चीचा पाय चिकटपट्टी गुंडाळून उभा केला होता. केराच्या डब्यात फुटलेल्या बशीचे तुकडे होते, आजचेच. मागच्या वेळी यातलं बरंचसं इथेच असणार आणि आपण कानाडोळा केला, असं त्याला वाटलं.

तो कामाला लागला. मेन स्विच बंद केला, थांबला, चालू केला. कोड गेला. ओव्हन तापवायला ठेवला, आणि चांगला तापला तशी शिट्टी वाजून लाल अक्षरं आली, ई-सात. लॅपटॉप जोडून पाहिलं. सॉफ्टवेअर नवं आणि शाबूत. मीटरने सेन्सर तपासला, बरोबर. कडीची मोटर फिरवून पाहिली, ती खट्ट करून बसत होती. मग त्याने ओव्हन गार होऊ दिला, कागदाची एक पट्टी फाडली, दारात धरली आणि दार लावलं. उजव्या बाजूला पट्टी घट्ट अडकली, ओढली तर फाटली. डाव्या बाजूला ती सरळ हातात आली.

"दार डावीकडे बसत नाही," तो म्हणाला. "गार असताना कसंबसं टेकतं. पत्रा तापून फुगला की फट वाढते. सॉफ्टवेअरचा काही दोष नाही."

"मग मागच्या वेळी भरलंस ते काय होतं, सरबत?" ताई म्हणाली.

तो हसला नाही. गुडघ्यावर बसून त्याने दार पुरतं उघडलं. डावी बिजागरी वाकली होती. ओव्हनच्या दाराची बिजागरी पोलादी असते. दार आपटलं तर काच फुटते, पण बिजागरी वाकत नाही. मध्ये काहीतरी जाड अडकलेलं असताना दारावर अंगाचा भार टाकून ते दाबत राहावं लागतं. त्याने दाराच्या कडेवर बोट फिरवलं. तिथे तपकिरी, वाळलेलं काहीतरी चिकटलं होतं. केक नव्हे. त्याने नखाने खरवडलं. पापुद्रा निघाला, आणि त्यात जळून आखडलेले जाड काळे केस होते.

चामडी होती ती. तापलेल्या ओव्हनमध्ये कुणाचा तरी हात होता आणि कुणीतरी त्यावर दार लावून दाबून धरलं होतं. मेकॅनिकने ताईच्या हाताकडे पाहिलं. मनगटावर चटक्याचे डाग होते. ओव्हनवर काम करणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर असतात, आणि हे त्याला धंद्यामुळे चांगलं माहीत होतं. पण आता त्याला तेवढं पुरलं. पोलाद वाकवण्याइतकी ताकद या घरात कुणाच्या अंगात आहे ते दारातच उभं होतं. ते जाड काळे केस ताईच्या हाताचे कसे असतील, हा साधा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरलाच नाही. ओव्हनच्या पहिल्या कोडावर विश्वास न ठेवणारा हा शहाणा, ताईच्या बाबतीत मात्र पहिलं दिसलं ते धरून बसला. त्याला लहानपणापासून एकच मार माहीत होता, आणि त्या मारात पुरुष मारत होता.

"दाजी," तो न उठता म्हणाला, "हे दार कशाने वाकलं?"

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ताईकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्याकडून झालं. चुकून."

"चुकून कुणाच्या हातावर लावलंत?"

"जाऊ दे ना, इंजिनिअर. दुरुस्त होतंय का ते बघ. तिची ऑर्डर आहे."

पिशवीतला मोठा पाना त्याच्या हातात कधी आला ते त्याला कळलं नाही. उठता उठताच त्याने तो दाजींच्या डाव्या खांद्यावर हाणला. सुकी काठी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा तडाखा बरगड्यांवर बसला. "हात लावतोस?" तो ओरडत होता. "माझ्या ताईला हात लावतोस? जिवंत ठेवणार नाही तुला." आयुष्यात पहिल्यांदा तो दाजींना एकेरी बोलत होता, आणि प्रत्येक शब्दाबरोबर पाना उतरत होता. स्टूल कलंडलं. दाजी गुडघ्यांवर आले. त्यांनी एका हाताने ढकललं असतं तर मेकॅनिक बाहेरच्या खोलीत जाऊन पडला असता. पण त्यांनी हात उचलला नाही. न उचलता मार खाणारा माणूस पाहून त्याला अजूनच चेव आला. त्याने लाथ घातली, फ्रिजवर ढकललं, परत लाथ घातली.

दाजी भिंतीकडे वळले, गुडघे पोटाशी घेतले, मान आत ओढली आणि मोडक्या खांद्यासकट दोन्ही हात डोक्यावर बांधले. हे सगळं एका झटक्यात झालं, सवयीचं असावं तसं. शर्टाची बटणं तुटून बाही वर सरकली. मेकॅनिकने पाना डोक्याच्या वर नेला.

"डोक्यावर नको," ताई म्हणाली. गॅस बारीक कर म्हणावं तितक्या सहज म्हणाली. "टाके पडले की दवाखान्यात विचारत बसतात."

पाना वरच राहिला. मेकॅनिकने मान वळवून पाहिलं. ताई ओट्याशी होती, तिथेच, हातात फडकं घेऊन एक ट्रे पुसत होती. ती घाबरलेली नव्हती, रडत नव्हती, मध्ये पडायला निघालेलीही नव्हती. शेजारच्या घरातलं काम उरकायची वाट पाहावी तशी उभी होती.

त्याने खाली पाहिलं. दाजींच्या हातावर बाहीखाली बांधलेली पट्टी सुटली होती. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये एक सरळ आडवी जखम होती, दाराच्या कडेइतकी रुंद, अजून ओली. तिच्या खाली एक जुनी होती, पांढरी पडलेली. तिच्या खाली आणखी एक. आजूबाजूचे जाड काळे केस जळून आखडले होते. आणि तो माणूस ज्या तऱ्हेने पडला होता ती तऱ्हा मेकॅनिकला पाठ होती. पलंगाखाली तो स्वतः असाच पडायचा.

"ताई," तो म्हणाला.

"काय ताई?" तिने ट्रे ओट्यावर आपटला. "तू कशाला मारलंस त्याला? मी सांगितलं होतं? ओव्हन दुरुस्त करायला बोलावलं तर हे काय करून ठेवलंस? आता हा महिनाभर घरात बसणार आणि मी याची उस्तवारी करणार."

"हे तू केलंस? त्याच्या हाताचं?"

"कितीदा सांगितलं, केक आत असताना दार उघडायचं नाही म्हणून. उघडून बघतो. झाला का, झाला का. सांगून समजत नाही त्याला. काही माणसांना हाताला कळल्याशिवाय डोक्यात शिरत नाही." हे ती नवीन काही सांगत नव्हती. तिच्या बोलण्यात राग होता तो केक बसल्याचा होता.

"बाबा असंच म्हणायचे," मेकॅनिक म्हणाला. "हेच. असंच."

ट्रे त्याला दिसला नाही. कानावर बसला तेव्हा कळला. डोक्यात शिट्टी वाजायला लागली आणि मानेवरून गरम रक्त उतरलं. "बाबांचं नाव घेतोस?" ती म्हणत होती. "माझ्या घरात, माझ्या तोंडावर?" दुसरा फटका त्याने दंडावर घेतला. पाना अजून त्याच्या हातात होता. त्याला तो जाणवला, आणि त्याला स्वतःची फार भीती वाटली. त्याने तो जमिनीवर सोडून दिला. ताईने ट्रे उभा, कड पुढे करून धरला आणि उचलला.

तो फटका त्याच्यापर्यंत आला नाही. भिंतीशी पडलेला माणूस कसा उठला कोण जाणे, पण दोघांच्या मध्ये एकदम दाजींची पाठ आली, आणि ट्रेची कड त्यांच्या मोडलेल्या खांद्यावर बसली. तेव्हा ते ओरडले. त्या सगळ्या प्रकारात ते एवढे एकदाच ओरडले, आणि तो आवाज ऐकून ताईच्या हातातला ट्रे गळून पडला.

ती खाली बसली. आता ती रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "मी कुणासाठी मार खाल्ला रे?" तिने विचारलं. "पाठीवरचे वळ दाखवू तुला? कुणासाठी खाल्ला?"

"माझ्यासाठी."

"मग तू आज कुणाच्या बाजूने बोलतोयस?"

तिने त्याला वाचवलं होतं हे खरं होतं, आणि समोरच्या माणसाचा हात तिने भाजला होता हेही खरं होतं. यातलं एक खरं मानलं म्हणून दुसरं पुसलं जाईना. त्याला तिच्याजवळ बसावंसं वाटलं. तिचं डोकं मांडीवर घ्यावं, असंही वाटलं. पण खोलीत एका माणसाचं हाड मोडलेलं होतं, आणि ते त्याने स्वतः मोडलं होतं. तो दाजींकडे वळला.

"दाजी, चला."

"कुठे?"

"दवाखान्यात. मग माझ्या घरी."

दाजींनी ताईकडे पाहिलं. "ती एकटी आहे," ते म्हणाले. "आणि दार तसंच राहिलंय. दार तरी सरळ करून दे तिला. ओव्हन चालला नाही की ती..."

"चला म्हटलं ना," मेकॅनिक म्हणाला. त्याने त्यांच्या धडक्या बाजूला खांदा दिला.

त्या माणसाला जिना उतरवणं म्हणजे कपाट उतरवण्यासारखंच होतं. तो वजनाने निम्मा, दाजी त्याच्यावर रेलू नये म्हणून स्वतःला सावरत होते आणि सावरताना कळवळत होते. वरून दार लागल्याचा आवाज आला नाही. ताईने ते उघडंच टाकलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईने दार किलकिलं केलं, दोघांकडे पाहिलं, आणि ज्या चटकन तिने ते परत लावलं त्यावरून मेकॅनिकला कळलं की या जिन्यात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. न कळलेला तो एकटाच होता. आठवड्याला फोन करणारा, केक खाऊन जाणारा, लाडका भाऊ.

कंपनीच्या गाडीत दाजी पुढे बसले. पट्टा लावता येईना तेव्हा मेकॅनिकने तो त्यांच्यावरून हलक्या हाताने ओढून लावला. त्याचा हात जवळ आला तसे दाजींनी डोळे मिटले. ते पाहून तो गाडीबाहेर उभा राहून रडला. मग चेहरा पुसून चाक हातात घेतलं.

"मला माफ करा," वाटेत तो म्हणाला. तो पुन्हा 'तुम्ही'वर आला होता.

"तुला कुठे माहीत होतं?" दाजी म्हणाले. "आणि ती तशी वाईट नाही रे. नंतर स्वतःच मलम लावते."

दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या, मध्यम वयाच्या, कामाच्या ओझ्याने वैतागलेल्या. त्यांनी खांदा दाबून पाहिला, बरगड्या दाबून पाहिल्या, मग विचारलं, "कसं झालं?"

"कपाट उतरवत होतो," दाजी म्हणाले. "जिन्यावरून पाय घसरला. कपाट अंगावर आलं." अगदी अस्खलित सांगत होते. कपाट कुणाचं, पट्टा कसा सुटला, वळणावर कसा तोल गेला, सगळं तयार होतं. मेकॅनिकला जाणवलं की हे कपाट यापूर्वी बऱ्याच दवाखान्यांत पडलेलं आहे.

"आणि यांच्या कानाला?"

"हा मला धरायला धावला."

डॉक्टरबाईंनी बाही वर सारली. हातावरच्या त्या आडव्या रेघांवर त्यांची नजर बराच वेळ थांबली, ओल्या रेघेवर आणि मग जुन्या रेघांवर. "कपाट गरम होतं का?" त्यांनी विचारलं.

एवढ्याचं उत्तर दाजींकडे तयार नव्हतं. मोठमोठे हात मांडीवर ठेवून ते शाळेतल्या पोरासारखे जमिनीकडे पाहत बसले.

"खरं सांगितलंत तर मला पोलिसांना कळवावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाही सांगितलंत तर मी प्लास्टर घालून घरी पाठवीन. तुम्ही ठरवा."

मेकॅनिकच्या खिशात फोन थरथरत होता. काढून न पाहताही तो कुणाचा ते त्याला माहीत होतं. ती म्हणेल, बाळ्या, असं अर्धवट टाकून जातात का, दार सरळ करून जा. किंवा म्हणेल, चुकलं माझं, घेऊन ये त्याला. ती खरंच तसं म्हणाली असती, आणि दाजी खरंच गेले असते. फोन थांबला. परत थरथरायला लागला.

"खांदा मी मोडला," मेकॅनिक म्हणाला. "पान्याने. बरगड्याही मी. ते लिहून घ्या आधी."

"नको रे, बाळ्या," दाजी म्हणाले. त्यांनी त्याला पहिल्यांदाच या नावाने हाक मारली. "नको. घर मोडेल तिचं."

"आणि हाताचं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माझ्या बहिणीने."

दाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरबाईंनी चष्मा नीट केला, पेन उचललं आणि आवाज न बदलता विचारलं, "बहिणीचं नाव?"

त्याने तोंड उघडलं आणि त्याला आधी 'ताई'च आठवलं. बोलायला लागल्यापासून त्याने तिला दुसऱ्या कुठल्या शब्दाने हाक मारली नव्हती. थोरल्या बहिणीचं नाव घ्यायचं नसतं हे त्याला तिनेच शिकवलं होतं. पेन कागदावर थांबलं होतं. त्याने तिचं नाव घेतलं, पहिल्यांदा, पूर्ण, आडनावासकट.